आई आणि मामा दोघांना स्वादुपिंडाचा कॅन्सर : मी दरवर्षी कोणती तपासणी करावी?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या ४४ वर्षांच्या एका ताईंची आई ५८व्या वर्षी स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेली, सख्खे मामा त्याच आजाराने ६३व्या वर्षी. मावशींना ४७व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. त्या आज ६१ वर्षांच्या आहेत आणि ठणठणीत आहेत. ताईंनी मध्यंतरी हेल्थ चेकअपचं पॅकेज घेतलं. त्यात सीए १९-९ हा ट्यूमर मार्कर ४४ आला (मर्यादा ३७) आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘गॅसेसमुळे स्वादुपिंड पूर्ण दिसलं नाही’ असा शेरा आला. ओळखीतल्या कुणीतरी ‘दरवर्षी पेट स्कॅन करून टाका’ म्हणून सांगितलं. त्या विचारतात : नेमकं काय करू, कधीपासून करू, आणि ३९ वर्षांच्या भावाचं काय?

ताई, तुमची काळजी अनाठायी नाही. आई आणि आईचा सख्खा भाऊ, असे एकमेकांचे रक्ताचे जवळचे दोघं या आजाराने गेले असतील तर आईच्या मुलांवर नियमित पाळत ठेवावी, असं या विषयातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाचं (कॅप्स कन्सॉर्शियम) २०२०चं मत आहे. म्हणजे तुम्ही त्या गटात बसता. पण पाळत आज लगेच सुरू करायची नाही, पेट स्कॅनने तर नाहीच. आणि पहिली तपासणी तुमची नाही, मावशींची आहे.

मावशींची का, ते सांगतो. स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेल्या दर दहा जणांतल्या साधारण एकाच्या रक्तात जन्मतःच एखादा जनुकीय दोष सापडतो. त्यात बीआरसीए-२ आणि एटीएम हे दोन सर्वांत जास्त वेळा भेटतात. त्यांच्या मागे बीआरसीए-१, पीएएलबी-२, लिंच सिंड्रोमची (मोठ्या आतड्याच्या आनुवंशिक कॅन्सरची) जनुकं वगैरे. एकाच घरात स्वादुपिंड आणि पन्नाशीच्या आतला स्तनाचा कॅन्सर दिसला की माझ्या मनात पहिलं नाव बीआरसीए-२चं येतं. रक्तातली ही जनुकीय तपासणी निरोगी माणसापासून सुरू केली तर अडचण होते. तुमचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला, तर त्याचे दोन अर्थ निघतात : घरात दोष आहे पण तुमच्यात उतरलेला नाही, किंवा घरातला दोष आपल्याला अजून ओळखताच येत नाही. पहिल्या अर्थाने तुम्ही सुटलात, दुसऱ्या अर्थाने काहीच बदललं नाही. कोणता अर्थ खरा, हे तुमच्या रक्तावरून ठरत नाही. मावशींना कॅन्सर झालाय आणि त्या हयात आहेत. त्यांच्या रक्तात दोष सापडला, तर मग तुमच्यात नेमकी तीच जागा तपासायची. ती स्वस्तही पडते आणि उत्तर हो किंवा नाही असं स्वच्छ मिळतं. आईकडे दोष असेल तर तो तुमच्यात येण्याची शक्यता निम्मी, भावातही निम्मीच.

मावशींच्या रक्तात काही निघालं नाही, तरी तुम्ही पूर्ण पॅनेल, म्हणजे अशा सगळ्या जनुकांची एकत्र तपासणी, करून घ्या. त्यांचा स्तनाचा कॅन्सर निव्वळ योगायोग असू शकतो, आणि आई-मामांचा दोष वेगळा असू शकतो. पॅनेल मागवताना जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असेल तर तोही पकडला जातो ना, हे लॅबला विचारा. आणि रिपोर्टवर ‘व्हीयूएस’ लिहून आलं, म्हणजे अर्थ न लागलेला बदल, तर त्यावरून कुणी ऑपरेशन किंवा स्कॅनची घाई करत असेल तर थांबा. जगातली जनुकीय माहिती अजून प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, त्यामुळे आपल्याकडे असे अर्थ न लागलेले बदल जास्त निघतात. म्हणून ही तपासणी जेनेटिक काउन्सेलरच्या सल्ल्याने करा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचं स्वतंत्र क्लिनिक आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या खासगी रुग्णालयांतही आता काउन्सेलर असतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. समजा बीआरसीए-२ निघालंच, तर संख्येने मोठा धोका स्वादुपिंडाचा नसतो. अशा स्त्रीला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या जवळ जाते, अंडाशयाचा साधारण १७ टक्के, आणि स्वादुपिंडाचा पाच ते दहा टक्क्यांच्या घरात. स्वादुपिंडाच्या भीतीने आलेल्या बाईला स्तनाचा एमआरआय आणि अंडाशय काढण्याचा निर्णय यांचीच चर्चा आधी करावी लागते, असं माझ्या ओपीडीत बऱ्याचदा होतं.

आता तुमच्या हातातले रिपोर्ट. सीए १९-९ हा मार्कर आजार झालेल्या माणसात उपचार लागू पडताहेत का हे बघायला उत्तम आहे. निरोगी माणसात कॅन्सर शोधायला तो कुचकामी आहे. पित्ताशयातले खडे, पित्तनळीतला अडथळा, स्वादुपिंडाची सूज, बेताल साखर, यांतल्या कशानेही तो वाढतो. उलट पाच ते दहा टक्के लोकांच्या शरीरात हा पदार्थ तयारच होत नाही, त्यांना कॅन्सर असला तरी आकडा तळाशीच राहतो. ४४ या आकड्यावर मी झोप घालवणार नाही. लिव्हर फंक्शन आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या, सहा-आठ आठवड्यांनी मार्कर एकदाच पुन्हा बघा. तेवढाच किंवा कमी असेल तर तो विषय तिथे सोडून द्या आणि पुढच्या वर्षीच्या पॅकेजमधून ती ओळ काढून टाकायला सांगा. वाढत चालला असेल तर एमआरआय. आणि खरंच झोप लागत नसेल तर एमआरआय आत्ताच करा. तो वाया जात नाही, पुढच्या फिल्म्सशी तुलना करायला पहिला फोटो म्हणून उपयोगी पडतो.

सोनोग्राफीचा शेरा चुकीचा नाही. स्वादुपिंड पोटाच्या अगदी मागे, कण्याला टेकून असतं आणि पुढे जठर-आतड्यातली हवा. प्रोब पोटावर ठेवून त्याचं शेपूट नीट दिसणं हा नशिबाचा भाग आहे. पेट स्कॅनचं म्हणाल, तर सेंटीमीटरच्या आतली गाठ त्यात सहज निसटते, साधी सूजही चमकते, आणि दरवर्षी रेडिएशन घ्यायचं ते वेगळंच. अशा पाळतीसाठी पेट स्कॅन कुणीही सुचवलेला नाही.

‘मग सगळ्यांचीच एमआरआय का करत नाही?’ हा पुढचा प्रश्न येतोच. हा आजार मुळात विरळ आहे. अमेरिकेत आयुष्यभरात सुमारे १.७ टक्के लोकांना होतो, भारतात त्याहून कमी. समजा एक लाख लोकांची तपासणी केली, त्यात खरे रुग्ण दहा, आणि तपासणी शंभरात एकदाच चुकते. तरी दहा जणांसाठी हजार जणांच्या मागे नाहक सुया, स्कॅन आणि प्रसंगी ऑपरेशनं लागतील. म्हणूनच अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१९मध्येही लक्षणं नसलेल्या सर्वसामान्यांची तपासणी करू नका, असंच सांगितलं. धोका वाढलेल्या माणसात हे गणित बदलतं. पहिल्या नात्यातल्या (आई-वडील, भावंडं, मुलं) एकाला हा कॅन्सर असेल तर धोका साधारण साडेचार पट, दोघांना असेल तर सहापटीहून जास्त, तिघांना असेल तर सुमारे ३२ पट, असा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या कुटुंब-नोंदणीतून २००४मध्ये निघालेला हिशेब आहे.

सुरुवात कधी? जनुकीय दोष न सापडलेल्या पण दोघं-तिघं गेलेल्या घरात पन्नास-पंचावन्न, किंवा घरातल्या सर्वांत लहान वयाच्या रुग्णाच्या वयातून दहा वजा, यांत जे आधी येईल ते. तुमची आई ५८व्या वर्षी, म्हणजे तुमचं ४८वं. दोष सापडला तर ४५ ते ५०. जनुकांचं उत्तर मिळवायला तुमच्या हातात पुरेसा वेळ आहे. ओठांवर काळे ठिपके असणाऱ्या प्युट्झ-जेगर्स सिंड्रोममध्ये आणि सीडीकेएन-२ए या जनुकाच्या दोषात मात्र चाळिशीपासून, घरात कुणाला कॅन्सर असो वा नसो. आनुवंशिक पॅन्क्रियाटायटिसमध्ये (स्वादुपिंडाच्या सुजेमध्ये) चाळिशी किंवा पहिल्या दुखण्यापासून वीस वर्षं. बीआरसीएच्या बाबतीत अमेरिकेतली एंडोस्कोपिस्टांची संघटना २०२२पासून थोडी सैल झाली आहे : घरात स्वादुपिंडाचा रुग्ण नसला तरी पन्नाशीपासून पाळत चालेल, असं ती म्हणते. माझा कल अजून घरातला इतिहास बघण्याकडेच आहे.

कामाच्या तपासण्या दोनच : एमआरसीपीसह (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्या दाखवणाऱ्या फिल्म्ससह) एमआरआय, आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, ज्याला आम्ही बोलताना ईयूएस म्हणतो. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धोका वाढलेल्या दोनशेहून अधिक लोकांचे सीटी, एमआरआय आणि ईयूएस असे तिन्ही केले, आणि एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला कळू दिला नाही. सीटीत ११ टक्के लोकांमध्ये काहीतरी दिसलं, एमआरआयमध्ये ३३ आणि ईयूएसमध्ये ४२ टक्क्यांमध्ये. म्हणूनच सीटी दरवर्षीच्या पाळतीत नसतो. शंका आली की मात्र तो लागतोच, आणि सर्जनला रक्तवाहिन्या दाखवायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

एमआरआयला चार-सहा तास उपाशी जायचं. बऱ्याच सेंटरांमध्ये स्कॅनआधी अननसाचा रस प्यायला देतात. हसू नका, त्यातल्या मँगनीजमुळे जठर आणि ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) यांमधलं पाणी फिल्मवर काळं पडतं आणि मागची स्वादुपिंडाची नळी उठून दिसते. मशीनमध्ये अर्धा-पाऊण तास. ‘श्वास घ्या, सोडा, धरून ठेवा’ असं पंधरा-वीस सेकंद पुन्हा पुन्हा. इथे श्वास हलला की सगळी मेहनत पाण्यात, तेव्हा घरी दोन दिवस सराव करून जा. गॅडोलिनियम हे फोटो उठून दिसण्यासाठीचं औषध शिरेतून देतात, म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघतात. रेडिएशन नाही. बारीक सिस्ट (पाण्याच्या पिशव्या) आणि नळीचा आकार यांत एमआरआय सरस आहे.

ईयूएस हे माझं रोजचं काम. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा प्रोब असतो. पोटावरून जे गॅसेसमुळे दिसत नाही, तेच जठराच्या आतून, भिंतीला प्रोब टेकवून बघायचं. मधला भाग आणि शेपूट जठरातून दिसतं, डोकं आणि त्यामागचा आकड्यासारखा भाग ड्युओडेनममधून. प्रोपोफॉलची झोप देतो, वीस-तीस मिनिटांत संपतं, दुपारी घरी. फक्त त्या दिवशी गाडी चालवायची नाही. पाच-सात मिलिमीटरची घट्ट गाठ एमआरआयला निसटून ईयूएसला सापडू शकते. पण ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून आहे. ‘स्वादुपिंडाचे ईयूएस आठवड्याला किती करता?’ असं बेधडक विचारा. चांगला डॉक्टर चिडत नाही.

पहिल्या वेळी दोन्ही तपासण्या आणि उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी. सगळं ठीक असेल तर दर वर्षी एक, आलटून पालटून : या वर्षी एमआरआय, पुढच्या वर्षी ईयूएस, साखर दरवर्षी. शक्यतो तेच सेंटर, तोच रेडिओलॉजिस्ट. आणि जुन्या तपासण्यांची सीडी किंवा पेन ड्राइव्ह दर वेळी सोबत, नुसता छापील रिपोर्ट नको. पाळतीत एकट्या फोटोला फारशी किंमत नसते. गेल्या वर्षी दोन मिलिमीटर असलेली नळी यंदा चार झाली का, हे दोन फोटो शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

आता मनाची तयारी. पहिल्या तपासणीत ‘काहीतरी’ दिसण्याची शक्यता बरीच आहे, आणि ते काहीतरी बहुतेक वेळा चार-सहा मिलिमीटरची सिस्ट असते. तिच्याकडे वर्षाने पुन्हा बघायचं, बस. आम्ही सावध होतो ते असं दिसल्यावर : मुख्य नळी ५ मिलिमीटरच्या वर फुगलेली, नळी एका जागी अचानक चिंचोळी होऊन पलीकडचं स्वादुपिंड सुकलेलं, सिस्ट ३ सेंटीमीटरच्या पुढे किंवा आत गाठाळ भाग, भराभर वाढणारी सिस्ट, आणि कसलीही घट्ट गाठ. पाच मिलिमीटर किंवा मोठी गाठ असेल तर ईयूएसमधूनच सुईने नमुना घेतो. त्याहून लहान किंवा अर्थ न लागणारं काही असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा.

पुढची पायरी ऑपरेशन, आणि ते साधं नसतं. स्वादुपिंडाच्या डोक्याचा भाग काढायचा तर व्हिपल नावाचं मोठं ऑपरेशन. शेपूट काढायचं तर बहुधा प्लीहाही जाते, म्हणून आधी लसी घ्याव्या लागतात. नळीजोड गळणं, महिनोन्‌महिने पचनाच्या गोळ्या, नवा मधुमेह, हे सगळं खरं आहे. अमेरिकेतल्या कॅप्स-५ या अभ्यासात १,४६१ जणांवर पाळत होती. कॅन्सर नव्हता पण फोटो काळजीचा वाटला म्हणून आठ जणांचं ऑपरेशन झालं. त्यातल्या तिघांत कॅन्सरच्या उंबरठ्यावरच्या पेशी निघाल्या, पाच जणांत तसं काही नव्हतं. त्या पाच जणांनी स्वादुपिंडाचा तुकडा गमावला आणि हाती काही लागलं नाही. म्हणून ऑपरेशनचा निर्णय एका डॉक्टरने घ्यायचा नसतो. सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट एका टेबलावर बसले पाहिजेत, आणि सर्जन वर्षाला भरपूर स्वादुपिंडं करणारा हवा.

एवढं करून जीव वाचतो का? त्याच कॅप्स-५मध्ये पाळतीत सापडलेल्या नऊ कॅन्सरपैकी सात पहिल्या टप्प्यातले होते. एरवी हा आजार पहिल्या टप्प्यात हाती लागणं दुर्मीळ. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत पाळतीत कॅन्सर सापडलेले २६ जण पाच वर्षांनी निम्मे जिवंत होते. अमेरिकेतल्या सर्वसाधारण नोंदींतले तसेच रुग्ण नऊ टक्के. ऐकायला फार छान वाटतं. पण रोग आधी सापडला की ‘निदानानंतरचं आयुष्य’ कागदावर आपोआप लांबतं, मरण्याची तारीख तीच राहिली तरी. चिठ्ठ्या टाकून दोन गट करून कुणी हा प्रयोग केलेला नाही. त्यामुळे मी डचांच्या आकड्यांना जास्त मान देतो. लायडनमध्ये सीडीकेएन-२ए दोषाच्या ३४७ जणांवर वर्षानुवर्षं पाळत ठेवली. ३१ जणांना कॅन्सर झाला, बहुतेकांचा काढण्याजोगा होता, आणि पाच वर्षं जगलेले सुमारे ३२ टक्के. अमेरिकी आकड्याइतकं भारी नाही, तरी न बघता सापडणाऱ्या कॅन्सरपेक्षा कितीतरी बरं.

डचांचाच दुसरा अभ्यास २०२२चा, ३६६ जणांचा, आणि तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. सरासरी पाच वर्षांच्या पाळतीत दहा जणांना कॅन्सर झाला. त्यातल्या चौघांना तो दोन तपासण्यांच्या मध्ये, लक्षणं होऊनच कळला. म्हणजे वेळेवर सगळं करूनही निसटतो. आणि दहाही जण जनुकीय दोष असलेले होते. घरात रुग्ण आहेत पण दोष सापडलेला नाही, अशा २०१ जणांत एकही कॅन्सर नाही. मी मावशींच्या रक्तावर इतका अडून का बसलोय, ते यावरून लक्षात येईल. तुमच्या घरात दोष निघाला आणि तुमच्यात नाही, तर तुमचा धोका चारचौघांइतका. एमआरआय, ईयूएस काहीच नको. घरातच काही निघालं नाही, तर ४८पासून पाळत ठेवू, पण कमी धास्तीने. आणि तुमच्यात निघाला, तर एकही वर्ष चुकवू नका.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात तुमच्या हातात काय? साखर. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांपैकी जवळपास शंभरात एकाला पुढच्या तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कॅन्सर सापडतो, असं अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या परिसरातल्या नोंदी सांगतात. आपल्याकडे मधुमेह घरोघरी, तेव्हा प्रत्येकाने धावत सुटायचं कारण नाही. पण तुमच्यासारख्या घरात साखर अचानक वाढली, किंवा डाएट न करता वजन उतरत असताना वाढली, तर पुढच्या वर्षाच्या तारखेची वाट न पाहता लगेच या. कावीळ, पाठीकडे जाणारं पोटदुखणं, तेलकट तरंगणारी शौच, यांनाही तेच लागू. आणि तंबाखू. सिगारेटने हा धोका जवळजवळ दुप्पट होतो, आणि धूर नसलेली तंबाखूही या कॅन्सरला कारण आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने स्पष्ट नोंदवलंय. मिश्री त्यातच आली. तुमच्या भागातल्या कितीतरी बायका ‘मी तंबाखू खात नाही’ म्हणतात आणि सकाळी मिश्री लावतात.

भावाचं : जनुकांचं उत्तर येईपर्यंत त्यांना काहीही करायची गरज नाही. घरात दोष निघाला तर त्यांनीही रक्त द्यावं. बीआरसीए-२ ही बायकांची भानगड समजून पुरुष मागे राहतात. प्रोस्टेटचा आणि क्वचित पुरुषांच्या स्तनाचा कॅन्सर त्याच जनुकातून येतो, आणि ते जनुक मुलांमध्येही जातं. अठरा वर्षांखालच्या मुलांची ही तपासणी करायची नसते. मामांच्या मुलांनाही कळवा. ते तुमच्याइतकेच या गटात आहेत, आणि त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना हे सांगितलं असेलच असं नाही.

आणि मावशी. सगळे त्यांच्याकडे कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या म्हणून बघताहेत. पण सख्खी बहीण आणि सख्खा भाऊ दोघं या आजाराने गेलेत, वय ६१ आहे. तुमच्या घरात आज सर्वांत जास्त धोका त्यांना आहे, आणि पाळत सुरू करायचं त्यांचं वय केव्हाच उलटून गेलंय. हृदय-फुप्फुस ठीक असेल, वेळ आली तर मोठं ऑपरेशन सोसण्याची त्यांची तयारी असेल, तर जनुकीय तपासणीचं रक्त देण्याच्या फेरीतच त्यांचा एमआरआय उरकून घ्या, आणि पुढच्या महिन्याभरात ईयूएस. तसं ऑपरेशन नकोच असं त्या म्हणाल्या तर स्कॅनही करू नका. पण तो निर्णय त्यांचा, आणि तो त्यांना विचारूनच.